भंगारातून सीएनसी: आधी भाग मोजा, मग आराखडा काढा

जुन्या सामानातून सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर टूल फिरवून कापणारं, कोरणारं यंत्र) करायला बसलं की पहिला मोह होतो तो सुंदर आराखडा काढण्याचा. मग त्यात बसणारे भाग शोधायचे आणि ते मिळाले नाहीत की काम अडतं. सगळं नवं घेणार असाल तर हे ठीक आहे. भंगारात मात्र रॉड, मोटर, पट्टा जे हाती येईल त्याचं माप तेच असतं. म्हणून आधी भाग काढा, मोजा, चालवून बघा आणि मग यंत्र त्यांच्याभोवती उभं करा.

काय फोडायचं? डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, जुनी फोटोकॉपी मशीन आणि फ्लॅटबेड स्कॅनर. यांत स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी (स्टेपनी) फिरणाऱ्या मोटर असतात. इंकजेटमध्ये बहुतेक वेळा साधी डीसी मोटर आणि जागा मोजणारी, बारीक रेघांची एन्कोडर पट्टी असते. ती जोडी आपल्या साध्या सेटअपमध्ये चालत नाही, पण इंकजेटचा घासलेला, चकचकीत रॉड सोडू नका. त्याच्यासोबतचे बुशसुद्धा (रॉडवर सरकणाऱ्या नळ्या) काढून घ्या. हे रॉड अनेकदा ८ मिमीचे नसतात, मग बाजारातलं ८ मिमीचं लिनिअर बेअरिंग त्यावर बसत नाही आणि मूळ बुशच कामाला येतात. पॉवर सप्लाय उघडताना प्लग काढून बराच वेळ थांबा आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरवरचा व्होल्टेज मल्टिमीटरने बघितल्याशिवाय बोट लावू नका.

आता मोटर. वायर चार असतील तर काम सोपं: मल्टिमीटर ओहमवर ठेवा, ज्या दोन वायरींमध्ये रेझिस्टन्स दिसतो ती एक कॉइल, उरलेली दुसरी. मीटर नसेल तर दोन वायरींची टोकं एकमेकांना जोडून शाफ्ट हाताने फिरवा, तो जड लागला तर तीच जोडी. सहा वायरी असतील तर प्रत्येक कॉइलची मधली वायर शोधा. तिचा रेझिस्टन्स दोन्ही टोकांपासून निम्मा येतो. ती मोकळी सोडून द्या. पाच वायरींच्या मोटरमध्ये दोन्ही मधल्या वायरी आत एकत्र जोडलेल्या असतात आणि हा जोड तोडल्याशिवाय बायपोलर ड्रायव्हरवर (कॉइलमधून दोन्ही दिशांनी करंट सोडून मोटर फिरवणारा छोटा बोर्ड) ती मोटर चालत नाही. मोटर फिरण्याऐवजी जागच्या जागी थरथरत असेल तर दहांपैकी नऊ वेळा कॉइलच्या जोड्या चुकलेल्या असतात.

एका फेरीत किती स्टेप, हेही ठरवावं लागतं. लेबलवर १.८ अंश लिहिलं असेल तर २०० स्टेप. पत्र्याच्या डबीसारख्या दिसणाऱ्या स्कॅनरच्या मोटर बऱ्याचदा ७.५ अंशांच्या, म्हणजे ४८ स्टेपच्या असतात. शाफ्टवर मार्करने खूण करा, हाताने एक फेरी फिरवताना किती खटके लागतात ते मोजा. कॉइलचा रेझिस्टन्स ५० ओहमच्या आसपास असेल, तर १२ व्होल्टवर पाव ॲम्पिअरसुद्धा जात नाही आणि वेगात मोटर गळपटते. अशा मोटरला २४ व्होल्ट द्या. प्रिंटरचे काही सप्लाय ३२ व्होल्टचे असतात. ए४९८८ ड्रायव्हरची मर्यादा ३५ व्होल्ट असल्यामुळे ते तिथे वापरू नयेत, मोटर थांबतानाचा एखादा उसळीचा झटकासुद्धा चिप घेऊन जातो.

ड्रायव्हरचा करंट लावताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ए४९८८ चं सूत्र असं: रेफरन्स व्होल्टेज (ड्रायव्हरवरच्या छोट्या स्क्रूने लावायचा) = ८ × करंट × सेन्स रेझिस्टर. बोर्डावर चिपशेजारी दोन छोटे रेझिस्टर दिसतात, तेच सेन्स रेझिस्टर, त्यांवर आर१०० (०.१ ओहम), आर०६८ किंवा आर०५० लिहिलेलं असतं. भिंग घेऊन हा आकडा वाचाच. अर्धा ॲम्पिअर हवा असेल तर आर१०० ला ०.४० व्होल्ट लागतो, आर०५० ला फक्त ०.२०. कुठूनतरी वाचलेला ०.४० आकडा आर०५० च्या बोर्डावर लावला की मोटरला दुप्पट करंट जातो. अर्ध्या तासात ड्रायव्हर तापून स्वतःला थांबवतो, थंड झाला की पुन्हा चालू होतो आणि मधल्या मधे स्टेप हरवतात. मोटरचा डेटा मिळत नसेल तर ०.३ ॲम्पिअरपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. मोटर इतकी तापू द्यायची नाही की हात ठेवताच मागे घ्यावा लागेल. आणि पॉवर चालू असताना मोटरचा कनेक्टर कधीही काढू नका, तो ड्रायव्हरचा शेवट असतो.

सांगाड्याबद्दल एकच हिशोब लक्षात ठेवा. दोन टोकांना धरलेला रॉड किती वाकतो हे लांबीच्या घनावर आणि व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. ८ ऐवजी १२ मिमीचा रॉड घेतला तर तो पाचपट ताठ होतो, लांबी निम्मी केली तर आठपट. म्हणून बारीक रॉड मिळाले असतील तर यंत्र छोटं ठेवा. २०० × २०० मिमीचं ताठ यंत्र ६०० मिमीच्या लवचिक यंत्रापेक्षा कितीतरी कामाचं. १८ मिमीचा प्लायवूड किंवा एमडीएफ पुरतो. गुण्या लहान असतो, त्यावर भागवू नका. एका बाजूला ३०० आणि दुसऱ्या बाजूला ४०० मिमीवर खूण करून कर्ण बरोबर ५०० येतो का ते बघा.

सरकवण्यासाठी एम८ चा आट्यांचा रॉड सहज मिळतो. त्याचा पिच १.२५ मिमी. २०० स्टेपची मोटर आणि ८ मायक्रोस्टेप (ड्रायव्हर एका स्टेपचे करतो ते तुकडे) धरले तर २०० × ८ ÷ १.२५ = १२८० स्टेप दर मिमीला. आकडा भारी वाटतो, पण मिनिटाला ६०० मिमी जायचं तर मोटरला ४८० आरपीएम फिरावं लागतं, आणि भंगारातली मोटर तिथे धापा टाकते. इथे ८ मायक्रोस्टेपची गरजही नाही, २ पुरतात, अचूकतेत काही बिघडत नाही. खरा त्रास बॅकलॅशचा, म्हणजे दिशा बदलताना नट आणि आट्यांमधल्या फटीचा. दोन नट घ्या, मधे स्प्रिंग दाबून बसवा आणि दुसरा नट फिरणार नाही असा अडवा. स्प्रिंगचा जोर कापण्याच्या जोरापेक्षा जास्त हवा, नाहीतर टूल लाकडात घुसताच स्प्रिंग दबते आणि फट परत येते. यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी जीआरबीएलमध्ये बॅकलॅश भरून काढण्याची सोय नाही, लिनक्ससीएनसीमध्ये आहे. तरी तो यांत्रिक पद्धतीनेच घालवा.

आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर जीआरबीएल १.१, वर सीएनसी शील्ड (ड्रायव्हर आणि स्विच जोडायचा बोर्ड) आणि आज्ञा पाठवायला संगणकावर युनिव्हर्सल जी-कोड सेंडर किंवा बीसीएनसी, एवढ्यावर भागतं. सेटिंगमध्ये $१००, $१०१, $१०२ म्हणजे तिन्ही अक्षांचे स्टेप दर मिमी. स्क्रू असेल तर गणिताने आलेला आकडाच घाला, फूटपट्टीने मोजून तो ‘सुधारू’ नका. $१२० ते $१२२ म्हणजे ॲक्सिलरेशन. स्टेप हरवत असतील तर वेग कमी करण्याआधी हे कमी करा. $१ ला २५५ द्या, म्हणजे थांबल्यावरही मोटर धरून राहतात आणि झेड अक्ष (वर-खाली जाणारा) स्पिंडलच्या, म्हणजे टूल फिरवणाऱ्या मोटरच्या, वजनाने खाली येत नाही.

शील्डच्या तिसऱ्या आवृत्तीत एक फसवणारी गोष्ट आहे. झेडची लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचला हे कळवणारी) जिथे जोडा असं छापलेलं असतं, ती पिन ११. जीआरबीएल १.१ मध्ये स्पिंडलचा वेग बदलण्याची सोय चालू असते आणि ती पिन ११ घेते, तर झेडची लिमिट जाते १२ वर. शील्डवर ही पिन १२ स्पिंडल एनेबल म्हणून छापलेली असते. छापलेलं बघून जोडलं तर होमिंगमध्ये (यंत्र स्विचपर्यंत जाऊन आपली सुरुवातीची जागा शोधतं तेव्हा) झेड स्विच दाबून पुढेच जात राहतो. स्विचच्या वायरी मोटरच्या वायरींपासून लांब ठेवा. चालता चालता अचानक अलार्म येत असेल तर प्रत्येक लिमिट पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा.

स्पिंडल लगेच बसवू नका. त्या जागी पेन बांधा आणि १०० मिमीचा चौकोन व त्यात एक वर्तुळ काढा, तेही त्याच कागदावर दहा वेळा. यंत्राचे सगळे दोष इथे कागदावर उतरतात. वर्तुळ लंबगोल आलं तर एका अक्षाचे स्टेप दर मिमी चुकलेत. वर्तुळाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे छोटी सपाट जागा किंवा पायरी दिसली तर बॅकलॅश आहे, कारण तिथेच एकेक अक्ष दिशा बदलतो. चौकोनाचे दोन कर्ण वेगळे आले तर अक्ष काटकोनात नाहीत. दहा रेघा एकमेकींवर न पडता दर फेरीला थोड्या सरकत गेल्या तर स्टेप हरवतायत. दहाही रेघा एकाच जागी, पण चुकीच्या आकारात पडल्या तर स्टेप शाबूत आहेत, दोष सेटिंगमध्ये किंवा सांगाड्यात शोधा.

पेन नीट चालला की पीसीबी (तांब्याचे ट्रॅक असलेला सर्किट बोर्ड) कोरता येतो. ३० अंशांच्या, ०.१ मिमी टोकाच्या व्ही-बिटने (निमुळतं कोरायचं टूल) ०.१ मिमी खोल गेलं तर खाच सुमारे ०.१५ मिमी रुंद येते, ०.३ खोल गेलं तर ०.२६. बोर्ड कडेला ०.२ मिमीने उंच असला की तिथले बारीक ट्रॅक कापले जातात. त्यामुळे बीसीएनसीचं ऑटोलेव्हल (उंचीनुसार खोली जुळवून घेण्याची सोय) वापरा: एक चिमटा तांब्यावर, एक टूलवर, आणि यंत्र स्वतः बोर्डाची उंची दर १० मिमीला तपासून घेतं. त्या बोर्डाची धूळ काचेच्या तंतूंची असते. मास्क लावा आणि ती फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.