लाल दिसण्याआधी हाताला कळतं

लेकीला तान्ही असल्यापासून इसब आहे. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या लवणीत आणि मानेवर. पुण्यात ऑक्टोबरचा उकाडा ओसरून हवा कोरडी झाली की ते हमखास उफाळतं. कातडी लाल दिसायच्या आधी खरखरीत लागते, पॉलिश पेपरवरून बोट फिरवावं तशी. म्हणून रात्री गोष्ट सांगता सांगता मी तिची कोपरं चाचपते. खरखर लागली की मलम त्याच रात्री, ‘सकाळी बघू’ नाही.

हे त्वचारोगतज्ज्ञांनी नीट बसवून शिकवलं. मॉइश्चरायझर रोजच, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. स्टेरॉइडचं मलम मात्र उफाळलेल्या जागीच. माप मोठ्या माणसाच्या तर्जनीचं: शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहात झाकतील एवढ्या जागेला ती पुरते.

सासूबाईंना स्टेरॉइडची धास्ती. “अगं, कातडी पातळ होते म्हणतात, दोन दिवस थांबून बघ की!” भीती अगदीच खोटी नाही, जोरकस मलम महिनोन्‌महिने चोपडलं तर तसं होतंही. पण थांबलं की पोर रात्रभर खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके, आणि मग मलम जास्त ताकदीचं लागतं, जास्त दिवस लागतं. पुढच्या वेळी त्यांनाच दवाखान्यात सोबत नेलं. डॉक्टरांपुढे त्यांनी मनसोक्त प्रश्न विचारले. कडुनिंबाच्या पाण्याचा आग्रह सुटला, पण दिवाळीचं उटणं सुटेना. शेवटी तडजोड झाली: उटणं शास्त्रापुरतं, तळहाताला.

एकदा ट्यूब संपली नि चिठ्ठी घरी राहिली. औषधवाल्याने दुसरंच मलम पुढे केलं, “सगळ्यावर चालतं, ताई.” वाचलं तर क्लोबेटासोल, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, सगळं एकात! क्लोबेटासोल म्हणजे सर्वांत जोरकस स्टेरॉइडांपैकी एक, तेही लहान मुलीच्या मानेवर. ठेवलं परत. घरून चिठ्ठीचा फोटो मागवला.

कातडी गुळगुळीत झाली तरी ठरल्या जागांवर आठवड्यातून दोनदा मलम, असं थंडीभर चालतं. तेही डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. नखं मात्र बारा महिने बारीक. पिवळट खपली धरली, पाणी सुटलं, ताप आला किंवा दुखरे फोड एकदम उठले, तर मी घरी काहीच करत बसत नाही. त्याच दिवशी दवाखाना.