हिक्स स्ट्रीट की यॉर्क स्ट्रीट

2015 च्या शरद ऋतूत आम्ही ब्रुकलिनमध्ये भाड्याचे घर शोधत होतो. मुलगी पुढच्या सप्टेंबरात किंडरगार्टनला जाणार असल्यामुळे घराच्या शोधात शाळेचा शोधही मिसळलेला होता. न्यूयॉर्कमधील बहुतेक सरकारी प्राथमिक शाळांना स्वतःचे क्षेत्र असते, ज्याला सगळे ‘झोन’ म्हणतात. ज्या इमारतीत तुम्ही राहता ती ज्या शाळेच्या झोनमध्ये येते, तिथे तुमच्या मुलाला प्रवेशात प्राधान्य मिळते. पुण्यात घर घेतल्यानंतर शाळांच्या अर्जांसाठी धावपळ करणारे पालक मी पाहिले होते, पण शाळेचा नकाशा आधी उघडून त्यावर घर शोधण्याची रीत मला नवी होती. ती मी फार लवकर शिकले, हेही खरे.

मॅनहॅटन पुलाच्या आजूबाजूच्या जुन्या गोदामांचा आणि कारखान्यांचा डम्बो हा भाग तोवर महागड्या घरांचा झाला होता. तिथली मुले ब्रुकलिन हाइट्समधील हिक्स स्ट्रीटवरच्या पी. एस. (पब्लिक स्कूल) 8 या शाळेत जात. नव्या इमारतींमुळे या शाळेचा पट इतका फुगला की 2015 मध्ये तिच्या स्वतःच्याच झोनमधील काही मुले किंडरगार्टनच्या प्रतीक्षा यादीवर राहिली. तिथून एका मैलापेक्षा कमी अंतरावर, यॉर्क स्ट्रीटवर, पी. एस. 307 ही शाळा होती आणि तिथे जागा रिकाम्या होत्या. या दुसऱ्या शाळेचा झोन मुख्यतः फॅरागट हाउसेस या सरकारी गृहसंकुलापुरता होता. तिथली सुमारे 90 टक्के मुले कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होती आणि जवळजवळ तितक्याच मुलांची कुटुंबे अल्प उत्पन्न गटातली होती. शहराच्या शिक्षण खात्याने डम्बो आणि व्हिनेगर हिल हे भाग पी. एस. 307 कडे वळवण्याचा प्रस्ताव मांडला. कागदावर हा केवळ पट आणि वर्गखोल्या यांचा हिशेब होता.

डम्बोतील पालकांची हरकत कोणालाही अपेक्षित अशीच होती: परीक्षांचे निकाल, वर्गातले वातावरण, आणि ज्या शाळेकडे पाहून घर घेतले ती हातची जाण्याचा राग. त्यांची बाजू मला सहज समजली, कारण ती माझीच होती. फॅरागटच्या पालकांनाही हा प्रस्ताव निमूटपणे मान्य नव्हता, हे मात्र मला बऱ्याच उशिरा कळले. आपल्या शाळेला कोणीतरी येऊन सुधारावे अशी वाट पाहत ते बसले नव्हते. पी. एस. 307 मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानावर भर होता, मँडरिन शिकवली जात होती, आणि ही शाळा पालकांनी व शिक्षकांनी अनेक वर्षे खपून उभी केली होती. सधन कुटुंबे आली की पालक संघ त्यांच्या हाती जाईल, गरीब मुलांचे प्रमाण घटल्यावर त्या प्रमाणावर अवलंबून असलेला ‘टायटल वन’ हा केंद्रीय निधी जाईल, आणि काही वर्षांत त्यांच्याच मुलांना तिथे जागा उरणार नाही, अशी त्यांना भीती होती. ही भीती हवेतली नव्हती, कारण उदाहरण शेजारीच होते. सन 2000 च्या सुमारास पी. एस. 8 चा पटही रोडावलेला होता आणि तिथली बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय व लॅटिनो होती; पुढे शाळेचे नाव झाले, ब्रुकलिन हाइट्समधील सधन पालक तिच्याकडे वळले, आणि 2015 पर्यंत तिथे गोरी मुले बहुसंख्य झाली होती.

म्हणूनच पी. एस. 307 मधील निम्म्या जागा अल्प उत्पन्न गटातील मुलांसाठी राखाव्यात अशी मागणी पुढे आली. ती रास्त होती असे मला आज वाटते. जानेवारी 2016 मध्ये या भागातील शाळा ज्यात येतात त्या शालेय जिल्हा 13 च्या पालक-बहुल शिक्षण परिषदेने नव्या हद्दींना मंजुरी दिली, तेव्हा अशी कोणतीही हमी त्या ठरावात नव्हती. या परिषदांना एरवी फारसे अधिकार नसतात; खात्याने आखलेली झोनची रेषा स्वीकारणे किंवा नाकारणे हा त्यांतला एक खरा अधिकार.

महाराष्ट्रात शाळांचे असे बंदिस्त झोन नाहीत, पण शाळा आणि घर यांतील अंतराचा वापर आपल्यालाही अनोळखी नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या विनाअनुदानित खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट देणारी अधिसूचना राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये काढली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ती बातमी वाचताना मला यॉर्क स्ट्रीट आठवली, कारण किलोमीटर हा शब्द दिसायला अगदी निरुपद्रवी असतो.

आम्ही पाहिलेले घर डम्बोत होते आणि ते आम्हा दोघांनाही आवडले होते. हद्दींची चर्चा सुरू असताना एका रविवारी आम्ही तिथून पी. एस. 307 पर्यंत चालत गेलो आणि घड्याळ लावून पाहिले, तर नऊ मिनिटे लागली. शाळा बंद होती, त्यामुळे आत काय चालते हे आम्हाला दिसले नाही, आणि पुन्हा एखाद्या कामाच्या दिवशी येऊन पाहावे असेही आम्हाला वाटले नाही. त्या रात्री शाळांना दहापैकी गुण देणाऱ्या एका संकेतस्थळावर आम्ही बराच वेळ घालवला, आणि महिनाभरात नदीपलीकडच्या, न्यूयॉर्कबाहेरच्या जर्सी सिटीत भाडेकरार करून मोकळे झालो.

पुलाजवळचे घर का सोडले, असे आईने फोनवर विचारले, तेव्हा मी तिला सांगितले, “अगं, शाळा फार लांब पडत होती.”