टोटल आयजीए : एका अक्षराचे नऊ आठवडे

लॅबच्या काउंटरवरून हलायच्या आधी पावतीवर तपासणीचं नाव काय छापलंय ते वाचा. एवढं वाचून उठलात तरी माझी हरकत नाही. बाकीचं मी माझा राग निवावा म्हणून लिहितेय.

वय ४१, माहेर सोलापूर, सासर पुणे. तीन वर्षं हिमोग्लोबिन आठच्या आसपास घुटमळत होतं, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) ४. लोहाच्या गोळ्या झाल्या, दोनदा सलाइनमधून लोह चढवून झालं. चढवलं की दोन महिने बरं वाटायचं, मग पुन्हा जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून श्वास घ्यायचा. प्रत्येक डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाळीला जास्त जातं का?" नाही जात. सोनोग्राफी स्वच्छ. मग बीट खा, खजूर खा, लोखंडी कढईत भाजी परता. आमच्या घरातली कढई आता इतकी वापरून झालीय की तिचंच लोह कमी झालं असेल. पोट सतत डब्ब, पण ते गॅसच्या खात्यात जमा. "सिलिॲक तर नसेल?" (गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं लहान आतड्याचं अस्तर खराब होतं, तो आजार) असं मी एकदा चाचरत विचारलं, तर उत्तर मिळालं, "तो पंजाबकडचा आजार, आपल्याकडे नसतो." नंतर कळलं की २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रक्तातल्या सिलिॲकच्या प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघालं होतं. कमी असणं आणि नसणं यात फरक आहे. तो ०.१० मध्ये बसलेल्या माणसाला विचारावा.

शेवटी एका फिजिशियननी "करून टाकू" म्हणत टीटीजी-आयजीए लिहून दिली. सिलिॲकसाठी रक्ताची पहिली तपासणी हीच करतात. रिपोर्ट आला, '०.५ पेक्षा कमी', मर्यादा २०. निगेटिव्ह. सासूबाईंनी त्या रविवारी पुरणपोळ्या केल्या. मी तीन खाल्ल्या आणि पुढचे दोन दिवस आडवी होते. ते पुरणाच्या खात्यात गेलं.

चार महिन्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा ७.९. मग पोटविकारतज्ज्ञ. त्यांनी जुन्या फायलीतला तो रिपोर्ट काढला आणि तो फारच निगेटिव्ह आहे म्हणाले. "याच्याबरोबर टोटल आयजीए कुठंय?" मला वाटलं फायलीतून पडला असेल. पण तो कुणी केलाच नव्हता. त्यांनी समजावलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं : टीटीजी-आयजीए तपासणी आयजीए जातीची एक विशिष्ट प्रतिपिंडं शोधते. काही माणसांच्या शरीरात आयजीएच तयार होत नाही, मग रिपोर्ट निगेटिव्हच येणार. "ज्या गावात पोलीस चौकीच नाही, तिथं गुन्ह्यांची नोंद शून्यच असते ना?" सिलिॲकच्या रुग्णांत अशी माणसं शंभरात दोन-तीन निघतात, म्हणजे इतर लोकांपेक्षा जास्त. त्यांनी चिठ्ठीवर एका ओळीत 'टोटल आयजीए', म्हणजे रक्तातलं एकूण आयजीए, लिहून दिलं. मी म्हटलं, एवढंच ना, जाता जाता देऊन टाकते रक्त.

तर आता काउंटर.

पहिल्या खेपेला काउंटरवरच्या मुलानं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि विचारलं, "टोटल आयजीई ना मॅडम? ॲलर्जीची?" त्याच वेळी माझ्या फोनवर शाळेच्या व्हॅनवाले काका होते. मी मान हलवली असणार. हे मी कबूल करते, कारण घरी 'सगळी चूक त्यांची' असं सांगून झाल्यावर नवऱ्यानं "तू काय म्हणालीस?" एवढंच विचारलं होतं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, टोटल आयजीई २१२, शेजारी ठळक अक्षरात 'हाय'. मी हादरले. डॉक्टरांच्या असिस्टंटला व्हॉट्सॲप केलं, तिचा अंगठा आला. त्या अंगठ्याचा अर्थ 'मिळाला' असा होता, मी 'ठीक आहे' असा घेतला. डॉक्टर परदेशी गेलेले, अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी ॲलर्जीवर हळद-मध सुरू करून दिलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "हे काय आणलंत?"

आधी माहीत असतं तर मला घरीच कळलं असतं. आयजीई आययू प्रति मिलिलिटरमध्ये येतं, टोटल आयजीए मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. रिपोर्टवर आकड्याच्या पुढचं एकक वाचायची सवय लावा, आकडा नंतर.

दुसरी खेप. तोच मुलगा. या वेळी मी फोन पर्समध्ये टाकला आणि "ए, ॲपलचा ए" असं भर गर्दीत सांगितलं. त्यानं कॉम्प्युटर पाहिला आणि आनंदानं म्हणाला, "आयजीए तुमचं झालंय की मॅडम, एप्रिलमध्ये!" म्हणजे टीटीजी-आयजीए. मी म्हटलं, ते वेगळं, हे टोटल. तो म्हणाला, हो हो, टोटल. पावती मी पाहिली नाही. १,४५० रुपये झाले तेव्हा तरी शंका यायला हवी होती. तीन दिवसांनी रिपोर्ट : टीटीजी-आयजीए, ०.५ पेक्षा कमी. निगेटिव्ह. पुन्हा.

त्या दिवशी मी ऑफिसला अर्धी रजा टाकून लॅबमध्ये जाऊन बसले. मॅनेजर बाई आल्या. त्यांचं म्हणणं, सिस्टीममध्ये 'आयजीए' टाइप केलं की हीच टेस्ट वर येते. मी विचारलं, मग चिठ्ठीवर लिहिलेली टेस्ट तुमच्याकडे होते की नाही? "होत असेल, मुंबईला विचारावं लागेल." तेच रक्त वापरून करा म्हटलं, तर सॅम्पल टाकून दिलेलं. पैसे परत म्हटलं, तर "टेस्ट तर झालीये ना, ताई." आणि वर, मी चिडलेली पाहून त्यांनी मला एक पत्रक दिलं : 'फूड इन्टॉलरन्स पॅनेल', दोनशेहून जास्त पदार्थ, सणाची सवलत. "यात गहू पण कव्हर होतो." हे पॅनेल आयजीजी ही वेगळ्या जातीची प्रतिपिंडं पाहतं, आणि एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीजी सापडणं म्हणजे बहुधा तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच. सिलिॲकचं निदान त्यातून होत नाही. माझ्या मावसभावानं असं पॅनेल करून वांगी, लसूण आणि काजू सोडलेत. तो बिचारा आता लग्नाच्या पंगतीत वरणभात खातो.

मार्ग निघाला तो हेल्पलाइनवर. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली आणि तिनं दहा सेकंदांत सांगितलं, "मॅम, आमच्या लिस्टमध्ये टोटल आयजीए या नावानं नाहीच आहे. 'इम्युनोग्लोब्युलिन ए, सीरम' असं शोधायला सांगा." कोडही दिला. म्हणजे ती टेस्ट सगळा वेळ त्या कॉम्प्युटरमध्येच होती, फक्त पूर्ण नावानं. आपल्याकडे सोसायटीत 'बंड्या' म्हणून हाक मारली की धावत येणारा मुलगा शाळेच्या हजेरीत दुसऱ्याच नावानं असतो, तसं.

तिसरी खेप. कागदावर नाव आणि कोड लिहून नेला, काउंटरवर ठेवला, पावती वाचली, मग हात पुढे केला. ५०० रुपये. मध्ये गणपतीची सुट्टी आली. रिपोर्ट आला तेव्हा मी आधी एकक पाहिलं. आकडा होता '७ पेक्षा कमी'. खालची मर्यादा ७०.

चौकीच नव्हती.

या सगळ्यात नऊ आठवडे गेले, आणि त्या काळातली एक गोष्ट सांगायची राहिली. धाकट्या जाऊबाई रोज म्हणायच्या, "वहिनी, टेस्ट-बिस्ट सोडा, गहूच बंद करा, कळेलच की." मी जवळजवळ केलंच होतं. डॉक्टरांनी बजावलं म्हणून थांबले : निदान पुरं होईपर्यंत पोळी सोडायची नाही. गहू बंद केला की प्रतिपिंडं उतरायला लागतात, आतड्याचं अस्तर भरून यायला लागतं, आणि मग आजार असूनही रक्त आणि बायोप्सी दोन्ही नॉर्मल दिसू शकतात. ज्यांनी आधीच सोडलाय त्यांना बहुतेकदा पुन्हा निदान सहा आठवडे, दिवसातून एकापेक्षा जास्त जेवणांत गहू खाऊन मग तपासणी करायला सांगतात. ते आपल्या मनानं करू नका, डॉक्टरांना विचारून. पोट दुखत असताना मुद्दाम पोळी खाणं किती चिडचिडीचं असतं ते मी नऊ आठवडे पाहिलंय.

रक्तासाठी उपाशी जायची गरज नसते, हेही तिथं कुणी सांगत नाही. मी पहिल्या खेपेला चक्कर येईस्तोवर उपाशी होते.

पुढचं सगळं सुरळीत झालं, म्हणून त्यात सांगण्यासारखं फार नाही. आयजीए नसणाऱ्यांसाठी आयजीजीवर आधारलेली तपासणी करतात, माझी डीजीपी-आयजीजी झाली. (काउंटरवर : "आता जी का मॅडम?" हो, आता जी.) ती भरपूर वाढलेली निघाली. मग एन्डोस्कोपी, घशात कडू स्प्रे, पंधरा मिनिटं. इथं मात्र आधी विचारून घ्या की बायोप्सीसाठी तुकडे किती घेणार. लहान आतड्याच्या दुसऱ्या भागातून निदान चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन घेतले पाहिजेत, कारण खराबी सगळीकडे सारखी पसरलेली नसते. माझे सहा घेतले. बायोप्सीत मार्श ३बी, म्हणजे अन्न शोषणारे बारीक अंकुर बरेच झिजलेले. कढईतलं लोह आत जाणार कुठून?

कुणीतरी जनुकीय तपासणीही सुचवली होती. डीक्यू२ आणि डीक्यू८ ही दोन्ही जनुकं नसतील तर सिलिॲक जवळजवळ बाद होतो, पण असतील तर काहीच सिद्ध होत नाही, कारण धडधाकट लोकांतही ती साधारण तिघांतल्या एकाकडे असतात. बायोप्सी हातात असताना मला त्याचा उपयोग नव्हता.

गहू सुटला याचं दुःख सोलापूरच्या माणसाला किती होणार? ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, संपला विषय. उपवासाचं जवळजवळ सगळंच चालतं, साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, त्यामुळे हॉटेलात मी वर्षभर चतुर्थी पाळते. अडचण आली ती दोन ठिकाणी. एक गिरणी : माझ्या ज्वारीच्या आधी त्याच जात्यावर कुणाचा तरी गहू दळलेला असायचा, आणि तेवढंही मला त्रास व्हायला पुरतं. गिरणीवाल्या काकांनी "सकाळी पहिलं दळण तुमचं" असा शब्द दिला होता, पण जात्यात रात्रीचं पीठ असतंच. शेवटी घरघंटी घेतली. दुसरं हिंग. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बरेचदा मैदा असतो, डबीची मागची बाजू वाचा. 'ग्लूटेन फ्री' छापायचं तर आपल्याकडे किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

आठ महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६. जिन्यात थांबत नाही.

जवळच्या रक्ताच्या नात्यातल्यांनी तपासून घ्यावं म्हणतात, म्हणून गेल्या महिन्यात लेकीला त्याच लॅबमध्ये नेलं. दुसरी जवळ नाही, नाइलाज. टीटीजी-आयजीए आणि इम्युनोग्लोब्युलिन ए, सीरम. मुलानं मला पाहताच माझ्या आधीच कोड टाकला. पावती वाचली, दोन्ही नावं बरोबर. मग सवयीनं वरची ओळ वाचली : नाव लेकीचं, वय ४१. मुलांच्या आयजीएची मर्यादा वयानुसार बदलते, ती जेमतेम नऊची. मी पावती परत काउंटरवर ठेवली.