एका पॉकेटातले दोन भाडेकरू

हिरडीच्या एका जिवाणूचा टाइप ओळखायचा होता. पीसीआरने, म्हणजे डीएनएचा नेमका तुकडा वाढवून घेऊन, लांबीप्रमाणे वेगळा करणाऱ्या जेलवर पाहिलं, तर टाइप एकच्या लेनमध्ये ३९२ बेसपेअरचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) बँड आणि टाइप दोनच्या लेनमध्ये २५७ चा. नमुना एकच, दात आणि हिरडीमधल्या एकाच खोल पॉकेटात पेपर पॉइंट (कागदाची बारीक शोषक काडी) घालून टिपलेला. निगेटिव्ह कंट्रोलची, म्हणजे नमुना न घातलेली, लेन स्वच्छ होती, त्यामुळे सगळं खापर दूषित पिपेटवर फोडण्याची सोय नव्हती.

पोर्फायरोमोनास जिंजिव्हालिस हा हिरड्यांच्या जुनाट आजारातला कुप्रसिद्ध जिवाणू. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात, त्यांना फिम्ब्रिया किंवा पिली म्हणतात. पेशींना, लाळेतल्या प्रथिनांना आणि शेजारच्या जिवाणूंना तो यांच्याच जोरावर चिकटतो. मुख्य तंतू 'फिमए' या प्रथिनाचा, आणि त्याचं जनुक सगळ्या स्ट्रेनमध्ये, म्हणजे या जिवाणूच्या वेगवेगळ्या वाणांमध्ये, सारखं नसतं. एक, एक-बी, दोन, तीन, चार आणि पाच असे त्याचे टाइप मानतात. गंभीर आजारात टाइप दोन वारंवार सापडतो. निरोगी हिरड्यांत हा जिवाणू आढळलाच तर तो बहुधा टाइप एकचा निघतो. म्हणजे टाइप कळणं ही नुसती नोंदवहीची हौस नाही.

ओळखायची रीत सोपी: प्रत्येक टाइपचे वेगळे प्रायमर (पीसीआरमध्ये कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे), प्रत्येकाची वेगळी नळी. सगळं एकाच नळीत उरकायचा मोह सोडावा लागतो, कारण टाइप दोनचा तुकडा २५७, चारचा २५१ आणि तीनचा २४७. साध्या अ‍ॅगरोज जेलवर हे तिघे एकमेकांना इतके खेटून बसतात की वेगळे ओळखणं अवघड.

आता दोन बँड दिसल्यावर जाणकार माणूस लगेच म्हणतो, "एक-बी असेल." ते बरोबरही असतं. एक-बीचं जनुक टाइप एकच्या जनुकाशी जवळजवळ जुळतं, पण टाइप दोनचे प्रायमरही त्याला पकडतात. खात्री करायची तर एक-बीसाठीच्या वेगळ्या प्रायमरनी मिळणारा २७१ चा तुकडा आरएसए-वन या एन्झाइमने कापून पाहायचा. हे एन्झाइम जीटीएसी एवढी चार अक्षरं शोधतं आणि मधोमध कापतं. एक-बीचा तुकडा तुटतो, टाइप एकचा तसाच राहतो.

तो तुकडा तुटला. पूर्ण तुटला. सहकारी म्हणाला, "झालं, एक-बी. लिहून टाका."

आमच्याकडे त्याच नमुन्याची ब्लड अगारची (जिवाणू वाढवायच्या रक्तमिश्रित थराची) प्लेट अनएरोबिक, म्हणजे ऑक्सिजनविरहित, जारमध्ये होती, आणि नेमकी त्याच दिवशी ती बघण्याजोगी झाली होती. या जिवाणूची घाई कधीच चालत नाही. हेमिन आणि व्हिटॅमिन के द्या, ऑक्सिजनचा वाराही लागू देऊ नका, मग कुठे कॉलन्या, म्हणजे एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके, येतात आणि कडेकडून मध्याकडे हळूहळू काळ्या पडतात. जार उघडल्यावर जो वास येतो त्याबद्दल न बोललेलं बरं. प्लेटवरच्या काळ्या कॉलन्या डोळ्यांना अगदी सारख्या दिसत होत्या. मी वेगवेगळ्या कॉलन्या सुईने उचलल्या आणि प्रत्येकीचा पीसीआर वेगळा लावला. एका जिवाणूच्या गुणसूत्रावर फिमएची एकच प्रत असते, त्यामुळे एकेकटी कॉलनी दोन टाइपची असू शकत नाही. दोन बँड देणारी कॉलनी म्हणजे एक-बी.

संध्याकाळी जेल यूव्हीखाली ठेवला. काही कॉलन्यांनी दोन्ही बँड दिले होते, हे अपेक्षितच. पण बाकीच्यांच्या टाइप एकच्या लेन कोऱ्या होत्या आणि २५७ चा बँड ठळक. हा अस्सल टाइप दोन.

मी बराच वेळ त्या कोऱ्या लेनकडे बघत होते. मूळ नमुन्यात हा टाइप दोन होताच, पण त्याचा २५७ चा बँड एक-बीच्या तेवढ्याच बँडखाली झाकला गेला होता. आरएसए-वनची चाचणी खोटं बोलली नव्हती. तिला विचारलेला प्रश्नच २७१ च्या तुकड्याचा होता, २५७ बद्दल तिला काही सांगताच येत नाही. आणि या दोघांतला चिंतेचा गडी कोण, तर पेशींना जास्त घट्ट चिकटणारा आणि आत शिरणारा टाइप दोनच! थेट नमुन्यावरून टाइप ठरवलेल्या अहवालांत असे किती टाइप दोन झाकले गेले असतील, असा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

याच ओघात एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रयोगशाळांमध्ये ज्या स्ट्रेनवर अमाप काम झालंय तो एटीसीसी ३३२७७ टाइप एकचा, आणि त्याचं फिमबी हे जनुक मोडलेलं आहे. फिमबी तंतूला पेशीवर रोवून धरतं आणि त्याची लांबी आवरतं. ते नसल्यामुळे या स्ट्रेनचे तंतू नको तितके लांब वाढतात आणि सहज गळून पडतात. म्हणजे ज्याला आपण नमुनेदार समजतो तोच विचित्र. शिवाय 'एमएफए-वन'चे आखूड तंतू वेगळेच. त्यांच्या जनुकातही ७० आणि ५३ अशा नावांचे गट आहेत. ते आम्ही तपासले नव्हते.

दोन्ही प्रकारच्या कॉलन्या शुद्ध करून वेगळ्या कुप्यांत उणे ८० अंशांना ठेवायची सोय केली आणि अहवालाचा फॉर्म भरायला घेतला. फॉर्मवर टाइपसाठी एकच चौकट. मी तिच्यात 'एक-बी आणि दोन' असं दाटीवाटीने लिहिलं. दुसऱ्या दिवशी नमुना पाठवणाऱ्या दंतवैद्यांचा फोन आला.

"मॅडम, यातला खरा कोणता धरायचा?"

"दोन्ही, डॉक्टर."

"मग उपचार?"

"त्यात फरक नाही. खोलवर सफाई करायचीच आहे. फक्त शेजारच्या पॉकेटचा नमुना त्याआधी घेऊन पाठवा, आणि दोन्ही पॉइंट एकाच नळीत टाकू नका."