तुम्ही विचारलंत म्हणून: विमान खरं का वाटत नाही?

फ्लाइट सिम्युलेटरसाठी विमानांची मॉडेलं तयार करतो म्हटलं की प्रश्न ठरलेला: "दिसायला हुबेहूब आहे, पण उडवताना खरं वाटत नाही. कुठला आकडा बदलू?"

बहुतेक जण आधी इंजिनाला हात घालतात. क्रूझचा (सरळ, सपाट प्रवासातला) वेग कमी भरला की ताकद वाढवायची, मग विमान फारच जोरात चढतं म्हणून ड्रॅग (हवेचा अवरोध) वाढवायचा. वेग जुळतो खरा, पण बाकीचं सगळं बिघडतं. माझं म्हणणं, इंजिन सगळ्यात शेवटी. आधी वजन, आणि ते नेमकं कुठे आहे ते बघा.

सेस्ना 172पी हे छोटं विमान घ्या. उड्डाणाचं कमाल वजन 2400 पौंड. एवढ्या वजनाला गुरुत्वमध्य संदर्भबिंदूपासून (जिथून सगळी मापं घेतात तो बिंदू) 39.5 ते 47.3 इंचांच्या मध्येच हवा, म्हणजे जेमतेम आठ इंचांची मुभा. तो पुढे सरकला की नाक जड होतं, मागे गेला की विमान चंचल होतं. जेएसबीसिममध्ये (विमानाच्या उड्डाणाचं गणित करणारं सॉफ्टवेअर) संदर्भबिंदू कुठलाही धरा, पण पंख, चाकं, टाक्या, आसनं सगळं त्याच बिंदूपासून मोजा. दोन वेगळ्या आराखड्यांतले आकडे एकत्र केले की घोळ झालाच.

मग जडत्व, म्हणजे विमान फिरायला किती विरोध करतं ते, माझ्या सर्वात जिव्हाळ्याचा भाग. जेएसबीसिमच्या सेस्नात रोल (बाजूला कलणं), पिच (नाक वर-खाली होणं) आणि यॉसाठी (नाक डावी-उजवीकडे वळणं) 948, 1346 आणि 1967 स्लग-चौरस फूट (जडत्वाचं एकक) असे आकडे आहेत. वजन तेच ठेवून रोलचा आकडा निम्मा करून बघा: स्टिक हलवताच विमान टुणकन कलतं. "खरं वाटत नाही" ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते, आणि लोक मात्र स्टिकची संवेदनशीलता कमी करत बसतात.

ड्रॅग ठरवायचा तो इंजिन बंद करून. विमानाच्या हँडबुकाप्रमाणे 65 नॉट वेगाने, फ्लॅप्स (पंखांमागच्या झडपा) वर ठेवून, वारा नसताना हे विमान दर हजार फुटांमागे सुमारे दीड सागरी मैल तरंगत जातं. हा आकडा प्रोपेलर वाऱ्याने फिरत असतानाचा आहे, तेव्हा चाचणीतही तो फिरताच असू द्या. थांबलेल्या प्रोपेलरवर मोजलेला ड्रॅग जुळणार नाही.

हे सगळं जमलं की इंजिनाला हँडबुकातलीच 160 अश्वशक्ती द्या. तरीही क्रूझचा वेग चुकला तर अश्वशक्ती वाढवू नका, प्रोपेलरचा तक्ता (कुठल्या वेगाला तो किती जोर देतो त्याचे आकडे) तपासा.