व्हर्च्युअल मशीनमध्ये ‘प्रोसेसर चालत नाही’ म्हणून इन्स्टॉलेशन अडतं तेव्हा

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणारा प्रोग्रॅम. त्यात ६४-बिट लिनक्स सुरू करताना कर्नल (सिस्टिमचा गाभा) म्हणतो, एक्स८६-६४ (६४-बिट) प्रोसेसर हवा, पण फक्त आय६८६ (३२-बिट) सापडला. कॉम्प्युटरचा खरा प्रोसेसर तर ६४-बिटच असतो! अशा वेळी आधी व्हर्च्युअल मशीनचा प्रकार ३२-बिट निवडला गेलाय का, ते पाहा. यादीत ६४-बिटचे पर्यायच दिसत नसतील, तर बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा आणि व्हर्च्युअल मशीनसाठी प्रोसेसरमध्ये असलेली सोय चालू करा: इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम मोड. मग खरा कॉम्प्युटर नुसता रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. काही मदरबोर्डांवर त्याशिवाय बदल लागू होत नाही.

केव्हीएमवरची (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) अडचण वेगळी, आणि जास्त फसवी. तिथे आभासी प्रोसेसरसाठी ‘केव्हीएम६४’ किंवा ‘क्यूईएमयू६४’ हे मॉडेल निवडलेलं असेल, तर खऱ्या प्रोसेसरच्या बऱ्याच सूचना पाहुण्या (व्हर्च्युअल मशीनमधल्या) सिस्टिमपासून लपतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला एक्स८६-६४-व्ही२ ही प्रोसेसरच्या क्षमतेची पातळी लागते, म्हणजे एसएसई४.२ आणि पॉपकाउंटसारख्या सूचना. त्या दिसल्या नाहीत की जीलिबसी (लिनक्समधल्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) सुरुवातीलाच थांबते आणि कर्नल पॅनिक होतो, म्हणजे सिस्टिम बंद पडते. आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) पुन्हा डाउनलोड करण्यात वेळ घालवू नका, दोष तिथे नाही. सीपीयूचा (प्रोसेसरचा) प्रकार ‘होस्ट’ करा, म्हणजे खऱ्या प्रोसेसरच्या सूचना आत दिसतील. मात्र चालू व्हर्च्युअल मशीन वेगळ्या प्रोसेसरच्या सर्व्हरवर हलवायचं असेल, तर ‘होस्ट’ टाळून सगळ्या सर्व्हरना झेपेल असं समान मॉडेल निवडा.

रेड हॅटच्या आवृत्ती १० ला त्यापुढची पातळी, व्ही३ लागते, तिच्यात एव्हीएक्स२ हा सूचनांचा संच येतो. जुन्या प्रोसेसरमध्ये तो मुळातच नसेल, तर ‘होस्ट’ निवडूनही उपयोग नाही. आवृत्ती ९ च घ्या.