सरांची बंद पडलेली नोंद

१८ मे, भुसावळ. रात्रीचे साडेअकरा.

कूलरमध्ये दोनदा पाणी भरलं, तरी भिंती अजून गरमच.

दुपारी अमळनेरहून सरांचा फोन आला. सर निवृत्त शिक्षक. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये शब्द तपासायला हनस्पेल असतं, त्याच्यासाठी आम्ही अहिराणीची यादी करतोय. त्या कामात सरांइतका नेम कुणाचाच नाही. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, "भाऊ, माझी 'आठे'ची नोंद तुम्ही बंद केली. मला ती उघडताच येत नाही हो."

खरं होतं. यादीत 'अठे' (म्हणजे 'इथे') आधीपासून होता. सरांनी 'आठे'ही घ्या म्हणून गिटहबवर, म्हणजे आमचं काम जिथे ठेवलंय त्या संकेतस्थळावर, इश्यू (सूचनेची नोंद) टाकला आणि मी टायपायची चूक समजून 'डुप्लिकेट' लावून मोकळा झालो. मी लेवा पाटीदारांच्या घरातला, घरात लेवा गणबोली. अहिराणी माझ्या कानावर आहे, जिभेवर नाही. 'आठे, तठे' म्हणत वाढलेल्या माणसाला मी चूक ठरवलं. वर गिटहबची रीत अशी, की स्वतःचा इश्यू स्वतः बंद केला तर परत उघडता येतो, पण मेन्टेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) बंद केला तर ज्याने लिहिला त्यालाही उघडता येत नाही. सर तीन दिवस त्या पानावर बटण शोधत होते. हे ऐकून फार वाईट वाटलं.

आजवर सरांना अधिकार का दिले नाहीत? कारण रिपॉझिटरी (यादी आणि कोड ठेवायची जागा) माझ्या खासगी खात्यावर. तिथे कुणाला आत घेतलं की थेट कोडमध्ये लिहायचाच हक्क मिळतो, मधली पायरीच नाही. आणि सोबतचा मित्र २०२४ च्या मार्चमधल्या एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकरणापासून धास्तावलेला. तिथे एकाने दोन-अडीच वर्षं गोड वागून विश्वास मिळवला आणि रिलीजमध्ये चोरदरवाजा बसवला. मित्राची भीती खोटी नाही. पण त्याच गोष्टीतला दुसरा भाग माझ्या जास्त मनात राहिलाय: तो मेन्टेनर एकटा होता, थकलेला होता, आणि 'काम दुसऱ्याला द्या' म्हणून लोक त्याच्या मागे लागले होते. सगळं एकट्याने धरून ठेवलं की माणूस थकतो, आणि थकलेला माणूस घाईत कुणाच्याही हाती किल्ली देतो.

शिवाय नोंदी निवडणं वेगळं आणि कोडला हात लावणं वेगळं. गिटहबने २०१९ मध्ये त्यासाठीच 'ट्रायज' ही भूमिका आणली. ट्रायजवाल्याला लेबल लावता येतं, नोंद बंद करता-उघडता येते, कुणाकडे सोपवता येते. कोड ढकलता येत नाही, नोंद पुसताही येत नाही. चुकीचं लेबल लागलं तर काढायला एक क्षण. एवढ्यासाठी सरांना दारात उभं ठेवायचं?

फक्त ही भूमिका ऑर्गनायझेशनच्या (गिटहबवरच्या सामायिक खात्याच्या) रिपॉझिटरीतच मिळते. म्हणून जेवण झाल्यावर तेच काम घेतलं. ऑर्गनायझेशन उघडली, रिपॉझिटरी तिकडे हलवली. जुने इश्यू सगळे सोबत आले, जुन्या लिंकाही नव्या जागी वळतात. सरांना ट्रायज दिलं. मग लक्षात आलं, की ट्रायजवाल्याला असलेलं लेबल लावता येतं, नवं बनवता येत नाही. सर कधीचे म्हणत होते, गावोगावची रूपं वेगळी ओळखू आली पाहिजेत. 'रूपभेद' नावाचं लेबल बनवून ठेवलं, हिरव्या रंगात.

'आठे'ची नोंद मुद्दाम उघडली नाही. सरांना निरोप टाकला: "सर, आता तुम्हालाच उघडता येईल. माझी चूक झाली."

सर नऊलाच झोपतात, उत्तर सकाळी येईल असं धरून चाललो होतो. आत्ता फोन वाजला म्हणून पाहिलं. नोंद उघडली गेलीय, हिरवं लेबल लागलंय, आणि खाली सरांनी एकच ओळ लिहिलीय: 'तठे'चंही बघून घेतो.